अर्जाचे वाङ्मय

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात पत्रांना स्थान आहे, रोजनिशांना आहे, बखरींना तर मानाचे स्थान आहे. परंतु अर्जाला कोणी स्थान दिलेले नाही. एखाद्या गरजू माणसाने आपली हकीकत सांगून अधिकाऱ्याकडे आपले देणे मागावे, ह्या लेखनास आपण गद्याचा प्रकार मानीतच नाही. ते कारकुनांचे व मुन्शींचे काम, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः मराठीत अर्जाइतके नित्य लिहिले जाणारे गद्य दुसरे क्वचितच असेल. आणि ज्याच्या एकेका शब्दावर एखाद्या घरची चूल पेटणे किंवा न पेटणे अवलंबून असते, असे तर दुसरे नाहीच. काम सुटलेल्या कामगारास कायद्याने जे मिळावयाचे ते त्याच्या हाती का पडत नाही, ह्या प्रश्नाचा विचार पुष्कळांनी केला आहे. तो बहुधा अर्थकारणाच्या किंवा न्यायव्यवस्थेच्या अंगाने झाला आहे. त्याला भाषेचेही एक अंग आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत उपेक्षित राहिले आहे. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

ह्या विचारास निमित्त झाले ते उरवड्याचे. पुण्याहून पौडाकडे जाताना वाटेत पिरंगुट लागते. त्याच्याजवळ मुळशी तालुक्यातील हे गाव आहे. भातशेतीचा हा मावळपट्टा गेल्या काही दशकांत लहानमोठ्या कारखान्यांचा झाला. ७ जून २०२१ रोजी उरवड्यातील अशाच एका कारखान्यास आग लागली. पाणी शुद्ध करण्यास लागणारी रसायने तेथे तयार होत. १७ कामगार त्या आगीत मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. देहांची ओळख पटेना, म्हणून डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला. मृतांच्या वारसांस राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपये आणि पंतप्रधानांच्या साहाय्यनिधीतून प्रत्येकी २ लाख रुपये देण्याचे जाहीर झाले.

अशा रकमांना शासकीय मराठीत ‘सानुग्रह’ साहाय्य म्हणतात. संकटकाळी असे साहाय्य तत्काळ जाहीर व्हावे हे योग्यच आहे, आणि त्याविषयी उणा शब्द काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु शब्दाची फोड केली म्हणजे त्यातून ‘अनुग्रह’ बाहेर पडतो. अनुग्रह ही देणाऱ्याची कृपा. घेणाऱ्याचा तो हक्क नव्हे. ह्या रकमेच्या शेजारीच दुसरी एक रक्कम उभी असते. ती कोणी जाहीर करीत नाही, म्हणून ती वर्तमानपत्रांत येत नाही. त्या वेळी अमलात असलेल्या १९२३ च्या भरपाईच्या कायद्याप्रमाणे, कामावर असता अपघाताने येणाऱ्या मृत्यूची भरपाई देण्याचे दायित्व मालकावर येत असे, आणि त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे. मासिक वेतनाची निम्मी रक्कम घ्यावयाची आणि मृताच्या वयाप्रमाणे कोष्टकात दिलेल्या अंकाने तिला गुणावयाचे, असा तिचा हिशेब होता. महिन्याभरात ती न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंबास योग्य कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. इतकेच नव्हे, तर मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे. परभारे विधवेच्या हातावर ठेवलेली रक्कम कायदा भरपाई म्हणून मानीत नसे. दुःखात बुडालेल्या बाईकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन प्रकरण मिटवले जाऊ नये, एवढी दूरदृष्टी ह्या कायद्याच्या कर्त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखविली होती.

परंतु ही रक्कम मागावी लागते, आणि मागण्यापूर्वी कोणाकडे मागावयाची हे ठरवावे लागते. कामगार १९४८ च्या कायद्याखालील राज्य विमा योजनेत येत असेल, तर भरपाईचा दावा मालकावर चालत नसे. त्याच्या अवलंबितांस विमा महामंडळाकडून नियमित रक्कम मिळावयाची. मालकाने वर्गणीच भरली नसेल, तरीही महामंडळास लाभ देऊन तो पैसा मालकाकडून वसूल करता येत असे. हे दोन्ही कायदे पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दारांवरील पाट्या बदलल्या. पण दोन दारांपैकी आपले कोणते, हा प्रश्न बाईपुढे होता तसाच राहिला. चुकीच्या दारी वर्षभर बसून राहिलेल्या माणसास योग्य दारी गेल्यावर मुदत उलटल्याचे ऐकावे लागते.

अशा दुर्घटनेत आणखी एक वर्ग असतो, तो मात्र बातमीत शिरतच नाही. आगीतून जो वाचला त्याची नोकरी वाचतेच असे नाही. त्याला जखम नाही, म्हणून सानुग्रह नाही. तो जिवंत आहे, म्हणून सहानुभूतीही फारशी नाही. तो केवळ बेकार आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचीही तरतूद होती. कारखाना बंद झाल्यास, निदान एक वर्ष सलग सेवा केलेल्या कामगारास प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळावयाचे. मात्र मालकाच्या आवाक्याबाहेरील अपरिहार्य कारणाने कारखाना बंद झाला असेल, तर ही भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरतीच. येथे वाचकांनी क्षणभर थांबून ‘अपरिहार्य’ ह्या विशेषणाकडे पाहावे. आग अपरिहार्य होती की टाळता येण्यासारखी होती? दहा वर्षे राबलेल्या माणसाच्या हाती पाच महिन्यांचे वेतन पडावे की तीन, हे त्या एका विशेषणावर ठरते. ‘सलग’ हा शब्दही तसाच. बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर सेवा सलग. आणि ते दिवस भरले की नाही हे सांगणारा हजेरीपट कामगाराच्या ताब्यात नसतो, तो मालकाच्या कपाटात असतो. तिसरा शब्द ‘स्वखुशीने’. काम सोडताना सही केलेल्या कागदावर हा शब्द असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती कपात नव्हे, राजीनामा होय. आणि राजीनामा देणाऱ्यास कपातीची भरपाई नाही. तो कागद पुष्कळदा इंग्रजीत असतो. ज्याची सही त्यालाच तो वाचता येत नाही.

मुळशी तालुक्याने हे सारे पूर्वी एकदा पाहिले आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला, तो आपण शौर्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती शौर्याची आहेच. परंतु त्या लढ्याला दुसरी एक बाजू होती. जमिनीचा मोबदला घ्यावयाचा की जमीनच राखावयाची, ह्या प्रश्नावर कागदोपत्री मालक असलेले सावकार आणि प्रत्यक्ष नांगर धरणारे मावळे यांचे हित एक राहिले नाही. मोबदला कागदावरील नावाकडे जातो. ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्या वाट्यास केवळ पाणी येते. शंभर वर्षांनी त्याच तालुक्यात शेताच्या जागी कारखाना आला, सातबाऱ्याच्या जागी हजेरीपट आला, कुळाच्या जागी ठेकेदाराचा कामगार आला. कागदावरील नाव आणि प्रत्यक्ष राबणारा देह यांतील अंतर मात्र होते तेवढेच राहिले.

हे अंतर भरून काढण्यासाठीच मोफत कायदेशीर साहाय्याची योजना आहे. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समान न्याय व निःशुल्क विधी साहाय्य हे तत्त्व संविधानाच्या ३९-अ ह्या अनुच्छेदात आले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्याचे बारावे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. निःशुल्क साहाय्यास कोण पात्र, ह्याची यादी त्यात दिली आहे: अनुसूचित जातिजमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, कोठडीतील माणसे, औद्योगिक कामगार, आणि पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक आपत्ती यांमुळे अकारण हलाखीस पोहोचलेले. ह्यांपैकी कोणासही उत्पन्नाची अट नाही. ती इतरांसाठी आहे. ‘अकारण हलाखी’ ही कल्पना कायद्याच्या रूक्ष गद्यात आढळावी ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते. उरवड्याच्या कारखान्यातील स्त्री-कामगार ह्या यादीत एकदा नव्हे, तीनदा बसते. तेव्हा दार बंद आहे, असे कोणास म्हणता येणार नाही.

मग अडते कोठे? ‘विधी सेवा’ ह्या शब्दाची जी व्याख्या ह्या कायद्यात केली आहे, तिचे दोन भाग आहेत. न्यायालयापुढे किंवा अन्य प्राधिकाऱ्यापुढे चालणाऱ्या प्रकरणात सेवा देणे हा पहिला. आणि कायद्याच्या कोणत्याही बाबतीत सल्ला देणे हा दुसरा. वाक्य एक आहे आणि दोन्ही भागांचे वजन सारखे आहे. आपण मात्र पहिलाच भाग मोठ्याने वाचतो. मोफत साहाय्य म्हणजे मोफत वकील, आणि वकील म्हणजे खटला, असे समीकरण समाजाच्या मनात घट्ट बसले आहे. बेकार कामगाराचे प्रकरण खटल्यात क्वचित हरते. ते बहुधा खटल्याच्या आधीच हरलेले असते. सही केली त्या दिवशी, ओळखपत्राची प्रत ठेवली नाही त्या दिवशी, किंवा अर्जात ‘मला कामावरून काढले’ असे लिहिण्याऐवजी ‘मी काम सोडले’ असे लिहिले त्या दिवशी. घरी बोलताना ह्या दोन वाक्यांत कोणी भेद करीत नाही. कचेरीत मात्र त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर असते. त्या दिवशी शेजारी एखादा जाणता माणूस असता, तर पुढे वकिलाची गरज कदाचित भासलीही नसती.

हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेटाच्या कामात वकिलांना मज्जावच केला होता, आणि कामगार न्यायालयातही दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायालयाची परवानगी असल्याखेरीज वकिलास उभे राहता येत नसे. कामगाराची बाजू त्याच्या संघटनेच्या माणसाने मांडावी, अशी त्यामागील कल्पना होती. संघटना होती तेथे ती सफळही झाली. पिरंगुट-उरवड्यासारख्या पट्ट्यातील लहान कारखान्यांत जेथे संघटना नाही, तेथे ती जागा रिकामी राहिली. २००९ साली विधी-स्वयंसेवकांची योजना आली, २०११ साली खेड्यांतील विधी सेवा केंद्रांचे नियम झाले. दिशा अगदी योग्य आहे. परंतु केंद्रास जागा मिळाली, टेबल मिळाले, फलक लागला, म्हणजे काम झाले असे नव्हे. तेथे बसणाऱ्यास दोन भाषा याव्या लागतात: बाईची आणि कलमाची. आणि एकीतून दुसरीत जाताना बाईची हकीकत वाटेत सांडणार नाही, एवढी काळजी घ्यावी लागते. हे काम मूलतः लेखकाचे आहे.

हे विधान कोणास अतिशयोक्त वाटेल, म्हणून एक जुने उदाहरण देतो. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरल्या, आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांचे एक निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवण्यात आले. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन व कायमचा पंगू झाल्यास उपजीविकेची सोय, अशा त्यातील मागण्या. हा एक अर्जच होता. शेवटच्या मागणीचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. परंतु ती एका संपादकाच्या लेखणीने एकोणचाळीस वर्षे आधी लिहून ठेवली होती. लोखंडे वकील नव्हते. कामगाराच्या तोंडची तक्रार अधिकाऱ्यास टाळता येणार नाही अशा वाक्यात बसविणे ही त्यांची करामत. पुढे १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने वाचनालये व शाळा चालविल्या आणि त्याच कार्यात गरीब व निरक्षर माणसांस कायद्याचा सल्लाही दिला. अक्षरओळख आणि हक्काची ओळख ही त्या पिढीस दोन वेगळी खाती वाटली नाहीत. आपल्या वाङ्मयेतिहासांत ‘दीनबंधु’चा उल्लेख सापडतो, ह्या निवेदनाचा गद्य म्हणून विचार केलेला मात्र माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या ललित वाङ्मयाने तरी काय केले? महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना कचेऱ्या, कारकून व वकील यांच्या जाळ्यात अशिक्षित शेतकरी कसा नागवला जातो हे दाखविले. कागद हे शस्त्र आहे, ही जाणीव त्यांच्याइतकी तीव्र दुसऱ्या कोणास झालेली दिसत नाही. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’मध्ये गिरणगाव कादंबरीत आणले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या घराचे चित्र जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने रंगभूमीवर उभे केले, त्यातील घुसमट विसरता येत नाही. परंतु त्या संपानंतर हजारो घरांत जे एक दुसरे नाट्य घडत होते, म्हणजे ग्रॅच्युइटीचे हिशेब, भविष्यनिर्वाह निधीची खाती, आणि बंद गिरण्यांतील कामगारांसाठी १९८६ साली निघालेल्या पुनर्वसन निधीची पहिल्या वर्षी ७५, दुसऱ्या वर्षी ५० व तिसऱ्या वर्षी २५ टक्के अशी उतरती रक्कम, त्याकडे आपली कथा फारशी वळली नाही. संप, मोर्चा, गोळीबार, दारू, आत्महत्या हे विषय झाले. खिडकीपुढील रांग विषय झाली नाही.

ह्याला एक उल्लेखनीय अपवाद चित्रपटात सापडतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) गटारात उतरून मेलेल्या कामगाराची विधवा साक्ष देण्यास येते. खटला तिचा नाही. तो एका शाहिराचा आहे. शाहिराचा वकील सज्जन आहे. तो तिला आपल्या गाडीतून घरी सोडतो, पैसे देऊ करतो. ती ते नाकारते आणि काही काम असेल तर सांगा म्हणते. सबंध चित्रपटात मला हा प्रसंग सर्वांत खोल वाटला. सज्जन वकिलाच्या मनात दया आहे. तिला मात्र दया नको, काम हवे आहे. तिचे स्वतःचे जे कायदेशीर देणे असेल, तो त्या दोघांच्या संभाषणाचा विषय होत नाही. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच दिला होता; २०२३ साली ती रक्कम ३० लाख करण्यात आली. एकाच गाडीत शेजारी बसलेले कायदा आणि गरज यांची ओळख होत नाही, हे दिग्दर्शकाने एकही शब्द न उच्चारता दाखविले आहे.

येथे एक आक्षेप येईल. कलेने कलमे शिकवावीत काय? फडके-खांडेकरांच्या वादापासून ह्या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे, आणि तो पुन्हा उकरण्याची माझी इच्छा नाही. मी कथेकडून उपदेश मागत नाही, निरीक्षण मागतो. जेथे एका विशेषणाने माणसाचे भवितव्य फिरते, तेथे नाट्य नाही असे ज्यास वाटते, त्याची नाट्याची कल्पनाच तोकडी म्हटली पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्ज समजावून देणारी माणसे वाढविण्यापेक्षा अर्जच सोपे करावेत, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. राज्य विमा महामंडळाने २०१८ साली बेकार विमेदारांसाठी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ सुरू केली, तेव्हा सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळावयाची होती, पण अर्ज शेवटच्या मालकामार्फत यावा अशी अट होती. ज्याने काम काढून घेतले त्याच्याच हातून बेकारीचा दाखला मागावयाचा! २०२० साली रक्कम ५० टक्के झाली आणि कामगारास थेट शाखेत अर्ज करण्याची मुभा मिळाली. माझ्या मते ह्या दोन सुधारणांत दुसरी अधिक मोठी होय. शंभर वकिलांनी जे साधले नसते ते नियमातील एका वाक्याच्या बदलाने साधले. परंतु ते वाक्य अडथळा आहे, हे आधी कोणीतरी वाचून ओळखावे लागते. आणि तशी नजर वाचनाने, चिकित्सेने, भाषेच्या अभ्यासानेच येते.

म्हणून शेवटी हा प्रश्न पुन्हा आपणा शिकलेल्या लोकांपाशीच येतो. काव्यातील एका शब्दाचा अर्थ लावण्यात आम्ही तासचे तास घालवितो, वर्गात विद्यार्थ्यांना श्लेष आणि ध्वनी शिकवितो. ते व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही; जन्मभर तेच केले आहे. परंतु तीच विद्या उरवड्याच्या एखाद्या ओसरीवर बसून ‘स्वखुशीने’ ह्या शब्दावर बोट ठेवण्यास उपयोगी पडते, हे आम्ही विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. कायदा वकिलांचा आहे, हे खरे. पण तो ज्या भाषेत लिहिला आहे ती सर्वांची आहे. जी माणसे ती वाचू शकतात, त्यांनी ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी सही होण्यापूर्वी क्षणभर बसावे. पुढे न्यायालयात जो न्याय मिळावयाचा, त्याची सुरुवात तेथूनच होते.